अमीनचाचांची सही

अबकारीच्या खटल्यात आरोपीच्या बाजूनं उभं राहायचं तर आधी पंच फोडायचा, ही मला वकिलीत मिळालेली पहिली शिकवण. बारामतीत ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली ते वकील सुपारी कातरता कातरता सांगायचे, "भट्टी पकडणारा जमादार सरकारचा माणूस, तो हलायचा नाही. पण पंच हा बिचारा गावातला. त्याला रस्त्यावरून धरून आणलेलं असतं. त्याला विचारायचं, भांडं मातीचं होतं की तांब्याचं, चूल कुठल्या भिंतीला होती, आत आधी कोण गेलं. थोड्या वेळानं तो घाम पुसतो आणि म्हणतो, मला काय ठाऊक, जमादारसाहेबांनी सही कर म्हटलं, मी केली. की संपला खटला."

ही शिकवण मला पुष्कळ वर्षं पुरली. ती निकामी ठरली ती एकाच माणसापुढं. तो म्हणजे लासुर्ण्याचे अमीनचाचा बागवान.

एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. त्या काळी दारू पिणं हा गुन्हा नव्हता, सरकारचा मक्ता चुकवून ती गाळणं हा गुन्हा होता. गावोगावच्या दुकानांचे लिलाव होत. जो जास्त बोली बोलेल तो मक्तेदार. त्याच्या दुकानात बसून माणूस लोळेपर्यंत प्याला तरी कायद्याचं काही म्हणणं नसे. पण नीरेच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, आणि गूळ जिथं आहे तिथं भट्टी आलीच. गुळाचं पाणी आणि बाभळीची साल मडक्यात घालून उसाच्या फडात पुरून ठेवायची. ते आंबलं की त्याला सडवा म्हणत. तो चुलीवर चढवला की झाली दारू. सडवा जवळ सापडला तरी शिक्षा, नुसतं गाळायचं भांडं सापडलं तरी शिक्षा. पहिल्या खेपेला दंडावर किंवा थोडक्या कैदेवर भागे. दुसऱ्या खेपेला मात्र मॅजिस्ट्रेट दया दाखवत नसत.

आणि या सगळ्याला पंच लागत. जमादाराची सायकल गावात शिरली की बाप्ये मागच्या दारानं शेतात पळत. पंच होण्यात मिळकत काही नाही. इंदापूरच्या कचेरीत साक्षीला खेटे घालायचे, दिवस बुडवायचे, आणि वर शेजाऱ्याचं वैर घ्यायचं. अमीनचाचांचं घर अगदी रस्त्याला लागून आणि त्यांना पळायचा कंटाळा. शिवाय ते मुसलमान, नमाजी, दारूला न शिवणारे. या माणसाला बाटली देऊन सही घेतली असं कुणी म्हणू शकणार नाही, म्हणून अबकारीवाल्यांना ते फार सोयीचे वाटत. ते कुरकुरत, पण जात. का जाता, असं मी पुढं एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, आपण न्हाय गेलो तर कुनालातरी उभं करून ही काय बी लिहून घेतील.

उंचीनं बेताचे, पांढरी आखूड दाढी, अंगात खिसे लोंबणारं जाकीट. त्या खिशांत नेहमी एखादा पेरू किंवा लिंबू असायचं. पेरू ते दाबून पाहत नसत, नाकाशी धरून पाहत. माळ्यांच्या बागांतून फळ उचलायचं आणि आठवड्याच्या बाजारात विकायचं हा त्यांचा धंदा. त्यात त्यांची एक खोड होती. गिऱ्हाइकानं "गोड आहे का" म्हणून विचारलं आणि फळ गोड नसलं, तर ते सरळ "न्हाय" म्हणत. चाची, म्हणजे त्यांची बायको, यावर मला एकदा म्हणाली, "लोक म्हंत्यात बागवान लई खरा मानूस. त्यात खरेपना कसला? खोटं बोलायचं म्हंजे ते ध्यानात ठेवावं लागतं. ह्यांच्या ध्यानात काय ऱ्हातंय?"

त्यात तथ्य होतं. चाचा छत्री विसरत, तराजूची वजनं विसरत. एकदा टट्टू बाजारात बांधून स्वतः पायी घरी आले होते. पण धाडीच्या जागी जे डोळ्यांनी पाहिलं ते मात्र त्यांच्या मनातून पुसलं जात नसे. पंच म्हणून गेले की हात पाठीमागं बांधून आधी ते सगळ्या जागेला एक फेरी घालत. घरात बाई असली तर तिला बाहेर येऊन बसायला सांगत आणि तोवर शिपायाला उंबरा ओलांडू देत नसत. पंचनामा लिहून झाला की तो मोठ्यानं वाचायला लावत. एखाद्या वाक्याला थांबवून म्हणत, ह्ये मी पायलं न्हाय, ह्ये काढा. जमादार चिडे. चाचांचं उत्तर ठरलेलं असे, "दिसलं तेवढं लिवा. समजलं ते तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते साक्षीच्या पिंजऱ्यात. माझा अशील रामा नावाचा लासुर्ण्याचाच एक तरुण शेतकरी. कालव्याकाठी थोडी जमीन, चार पेरूची झाडं, घरात सरू नावाची बायको आणि तिच्या कडेवर एक पोर. त्याच्या झोपडीमागं भट्टी सापडली होती. तरी खटला मी जिंकणार अशी माझी खात्री होती. सडव्याचा नमुना बाटलीत भरून लाखेनं बंद करून पुण्याला तपासणीला पाठवला होता, आणि ती बाटली वाटेतच फुटली होती. ते पाणी दारूचं होतं याला आता पुरावा कुठला?

पंचनाम्यात मात्र शेवटी एक विचित्र वाक्य होतं. उरलेला सडवा जागीच नष्ट करायचा असा नियम. चाचांनी जमादाराला तो खड्ड्यात ओतायला सांगितलं होतं, पण जमादारानं कंटाळा करून तो शेताच्या पाटात ओतला. खालच्या अंगाला पोलीस पाटलाची म्हैस पाणी पीत होती. थोड्या वेळानं ती झुलायला लागली आणि पाटलाच्याच कांद्याच्या रोपात जाऊन बसली. चाचांनी हट्ट धरला की म्हैस झुलताना आपण पाहिली आहे, तर तीही लिहा. जमादाराला ती थट्टा वाटली, पण सही हवी होती म्हणून त्यानं लिहिलं.

त्या काळी मामलेदारच मॅजिस्ट्रेट. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी चाचांची उलटतपासणी सुरू केली. म्हैस आजारी असेल, असं मी सुचवलं.

"आजारी म्हैस मान टाकती, साहेब," चाचा म्हणाले. "ही मान वर करून हंबरत व्हती. पाटलीनबाई धार काढाया गेल्या तर त्यांच्या खांद्यावर डोकं ठिवत व्हती."

कचेरी हसली. मामलेदारांनीही रुमाल तोंडाला लावला. मी दुसरीकडून शिरायला पाहिलं. रामाचं आणि तुमचं काही वैर? नाही म्हणाले, त्याचे पेरू मी घेतो, पोरगा चांगला हाय. चूल रामानं पेटवली हे पाहिलं का? नाही, चूल पेटलेली होती आणि रामा चुलीपुढं बसला होता, पेटवताना पाहिलं नाही. धाडीच्या दिवशी पाणी कुणाच्या घरचं प्यालात? रामाच्याच, त्याच्या बायकोनं दिलं, तहान लागली होती. जे माझ्या बाजूचं होतं तेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं आणि जे विरुद्ध होतं तेही. असा साक्षीदार फोडायचा कुठून? रामाला सक्तमजुरी झाली.

शिक्षा ऐकून सरू कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहिली. चाचा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर तिनं आपले पेरू चाचांना दिले नाहीत. दुसरा कुणी व्यापारी तेवढ्या चार झाडांसाठी वाट वाकडी करून येईना, म्हणून फळ झाडाखाली पडून कुजलं, पण तिनं ते बागवानाच्या तराजूत घातलं नाही. विहिरीवर, देवळापाशी, जिथं चार बायका भेटतील तिथं ती त्यांना शिव्या देई. ते त्यांच्या कानावर येत असे. चाची म्हणे, त्या झाडांवरून जाताना ह्यांची पावलं जड व्हत्यात, मग घरी येऊन जेवत न्हाईत.

रामा सुटून आला. त्यानं भट्टी कायमची बंद केली, पण प्यायचं काही सुटलं नाही. आता तो सरकारमान्य दुकानात प्यायला लागला. कायद्याच्या दृष्टीनं तो सुधारला होता.

ते दुकान चालवणारा मक्तेदार मोठी आसामी होता. इंदापूरच्या बाजारवसुलीचा मक्ता त्याच्या मेहुण्याकडं, अबकारीच्या जमादाराची ऊठबस त्याच्या ओसरीवर. दुकानातल्या दारूत पाणी घालायला बंदी, दुसरं काही मिसळायला तर सक्त बंदी. तसं केलं तर परवाना जावा असा कायदा. पण हा गडी दारूत पाणी घाली, आणि मग ती चढावी म्हणून आणखी काहीतरी घाली. लोक धोतऱ्याचं बी म्हणत. एका पोळ्याच्या दिवशी रामा तिथून पिऊन आला आणि वेड्यासारखं करायला लागला. बायको ओळखू येईना, भिंतीवरचे किडे वेचल्यासारखे हात चालवी. जगला, पण पुढं त्याच्या हातांचा कंप गेला नाही.

सरू त्याच्या बाटलीत उरलेली दारू घेऊन, पोर कडेवर मारून, पायी बारामतीला अबकारीच्या कचेरीत आली. साहेब दौऱ्यावर होते. जमादार होता. त्यानं तक्रार ऐकून घेतली, बाटली ठेवून घेतली आणि तिला घरी धाडलं. पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. काही दिवसांनी तिच्याच घरावर धाड पडली.

धाडीला जमादारानं अमीनचाचांना बोलावलं. असल्या कामाला त्यांनाच का, असं कुणालाही वाटेल. पण त्यामागं हिशेब होता. चाचांची सही असली की मामलेदार फारसं काही विचारत नसत, इतकी ती सही नामांकित झाली होती. आणि ही बाई चाचांना गावभर शिव्या देते, तेव्हा ते खुशीनंच सही ठोकतील, असं जमादारानं धरलं.

चाचा पोचले तेव्हा जमादार अंगणात उभा होता आणि गाळायचं भांडं नळीसकट त्याच्या हातात होतं. सरू दाराशी, पोर रडत होतं. भांडं घरात सापडलं, सही करा, असं जमादार म्हणाला. चाचांनी नेहमीसारखी हात पाठीमागं बांधून फेरी घातली, आत डोकावले, परत आले आणि म्हणाले की मी यायच्या आधी आत कोण गेलं ते मला ठाऊक नाही, मी सही करणार नाही. जमादारानं आधी समजावलं, मग दम दिला. सरकारी कामाला पंच नाही म्हणतो त्याच्यावरही खटला भरता येतो, याची आठवण दिली.

"भरा," चाचा म्हणाले. "आन सही पायजे तर करतो की. पर दिसलं त्ये लिवा. भांडं जमादाराच्या हातात व्हतं."

जमादारानं मक्तेदाराच्या दुकानातला एक माणूस आणून त्याची सही घेतली आणि सरूला इंदापूरला नेलं.

मला हे कळलं ते चाचांकडूनच. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या बारामतीच्या घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, जाकिटाच्या खिशातून दोन पेरू काढून माझ्यापुढं ठेवले. रामा येईल, सरूचं वकीलपत्र घ्या, म्हणाले. मग घडलेलं सगळं सांगितलं. मला आनंद झाला. मी म्हणालो, चाचा, तुम्ही आमच्या बाजूनं आलात म्हणजे काम झालंच.

ते गंभीर झाले. "वकीलसाहेब, मला समन्स काढा, मी येतो. पर मी तुमच्या बाजूचा न्हाय. मागल्या बारीला बी सरकारच्या बाजूचा न्हवतो."

खटल्याच्या दिवशी इंदापूरच्या कचेरीत गर्दी होती. मक्तेदार पुढच्या बाकावर पान खात बसला होता. चाचांनी पिंजऱ्यात चढण्यापूर्वी सवयीप्रमाणे जोडे बाहेर काढले. मी त्यांना थोडेच प्रश्न विचारले. त्यांनी सांगितलं ते वर आलंच आहे. मग जमादार उठला. अशा लहान खटल्यांत अबकारीवालेच सरकारतर्फे काम चालवीत.

आरोपी ओळखीची का, त्यानं विचारलं.

"व्हय. हिच्या नवऱ्याला माझ्याच साक्षीवर सजा झाली."

"म्हणजे आता दया आली म्हणायची."

"दया याची आसती तर तवाच आली आसती," चाचा म्हणाले. "तवा ही पोर पायरीवर बसली व्हती. त्ये बी मी पायलंय."

जमादारानं चिडून शेवटचा प्रश्न टाकला. भांडं तुम्ही पाहिलं हे तरी कबूल ना? पाहिलं तर कुठं पाहिलं?

"तुमच्या हातात," चाचा म्हणाले.

या वेळी कचेरी हसली नाही. मामलेदारांनी लेखणी खाली ठेवली. मग दुकानातल्या त्या दुसऱ्या पंचाला पुन्हा बोलावून त्यांनी स्वतःच प्रश्न विचारले. मला शिकवलं गेलं होतं अगदी तसाच तो घाम पुसायला लागला. सरू सुटली.

बाहेर आलो तर चाचा कुठंच दिसेनात. साक्ष झाल्याबरोबर ते सर्व्हिस मोटारीच्या थांब्याकडं निघून गेले होते, आणि जोडे कचेरीच्या दाराशीच राहिले होते. मी ते उचलायला वाकणार तोच सरूनं उचलले. रामा मागं उभा होता, त्याच्याकडं पोर देऊन ती भर रस्त्यानं चालत थांब्यापाशी गेली, जोडे चाचांच्या पायांपाशी ठेवले आणि वळली. चाचांनी जोडे पायांत घातले, पण किती तरी वेळ मान वर केली नाही.

गोष्ट इथं संपली असती तर चाचांचं बरं झालं असतं. पण मामलेदारांनी वर लिहिलं, आणि अबकारीचे नवे इन्स्पेक्टर स्वतः चौकशीला आले. माणूस तरुण आणि सरळ होता. त्यांनी ठरवलं की आता दुकानाचीच झडती घ्यायची. झडतीला पंच पाहिजे. लासुर्ण्यात फिरले, सगळ्यांच्या अंगात ताप. झोपडीच्या झडतीला जे पळून जात नसत तेही त्या दिवशी सोयऱ्यांकडं गेले होते. शेवटी इन्स्पेक्टर चाचांच्या दारात आले. मी नंतर ऐकलं की चाचीनं त्या दिवशी दाराला आतून कडी घातली होती आणि नवऱ्याला म्हणाली होती, आता बास, पोरांच्या तोंडातला घास काढून घेतील. चाचांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की गरिबाच्या घरात शिरताना मी गेलो, आता ह्याच्या दारात न्हाय गेलो तर मागच्या समद्या सह्या खोट्या व्हत्यात. आणि त्यांनी कडी काढली.

त्यांनी मक्तेदाराच्या दुकानालाही हात पाठीमागं बांधून तशीच फेरी घातली. पंचनामा मोठ्यानं वाचून घेतला. मक्तेदाराच्या बाजूचं एक वाक्य सुटलं होतं, की पुढच्या पिंपातली दारू वासाला चांगली होती. तेही त्यांनी लिहायला लावलं. मागच्या पिंपांचे नमुने या वेळी इन्स्पेक्टरांनी स्वतः पुण्याला नेले. खटला लांबला, अपील झालं, पण अखेर मक्तेदाराला शिक्षा झाली आणि त्याचा परवाना रद्द झाला. जमादाराची नोकरी गेली.

मक्तेदाराचा मेहुणा मात्र जागेवरच होता. पुढल्या बाजारी अमीनचाचा इंदापूरला टोपल्या घेऊन गेले तर त्यांच्या वर्षानुवर्षांच्या जागेवर दुसराच कुणी बसलेला. दुसरी जागा नाही, सावली नाही, वेशीबाहेर बसले तर हुसकावलं. पुढच्या बाजारी तेच. मी म्हणालो, अर्ज करू. त्यांनी मान हलवली. कोर्टाची पायरी आपण दुसऱ्यासाठी पुष्कळ चढलो, म्हणाले, स्वतःसाठी चढायची सवय नाही. मला त्यांचं हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण त्यांनी तक्रार म्हणून कधी काही सांगितलं नाही. मग ते इंदापूरच्या बाजारात दिसेनासे झाले, आणि मलाही कामांच्या रगाड्यात त्यांची गाठ पडेना.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. एका जमिनीच्या वादात मोजणीसाठी मी सकाळचा सुप्याला निघालो होतो. बारामतीच्या बागा मागं पडल्या की तो रस्ता उघड्या माळाचा. गवत, खडक, कुठं कुठं बोरीबाभळी. तिकडं फळ पिकत नाही, म्हणून सुप्याच्या बाजारात पेरूला मागणी. माझा टांगा एका चढावर एका बैलगाडीला मागं टाकायला बाजूला झाला, तर गाडीच्या जुवाशी अमीनचाचा. दाढी आता लांब झाली होती, जाकीट तेच.

मी टांगा थांबवला. त्यांनी बैल थांबवले, उतरले, माझी, मुलाबाळांची चौकशी केली. लासुर्ण्याचं फळ आणतो, रात्रीला बारामतीत भाच्याकडं उतरतो, सुपे लांब पडतं, पण तिथली माणसं चांगली आहेत, पेरू आंबट म्हटला तरी घेतात, असं सांगितलं. बोलता बोलता त्यांनी खिशात हात घातला, पण त्या दिवशी खिसा रिकामा होता. मागं वळून ते गाडीत कुणाला तरी म्हणाले, एक चांगलासा दे रं.

टोपल्यांवर पोतं अंथरून एक माणूस बसला होता. त्यानं वाकून पेरू निवडला आणि पुढं केला. हात थरथरत होता, तेव्हा मी ओळखलं. रामा होता. त्यानं मला नमस्कार केला. माल कुणाचा म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, निम्मा आमच्या झाडांचा, निम्मा चाचांचा, आणि भांडण मात्र सगळ्या वाटेचं. चाचांचं म्हणणं, गेल्या बाजारी यानं कच्चं फळ तळाला घातलं. रामाचं म्हणणं, चाचा गिऱ्हाइकाला उगाच सांगत बसतात. सरूनं दोघांच्या भाकरी एकाच फडक्यात बांधून दिल्या होत्या, त्या टोपलीच्या कडेला लटकत होत्या.

मला उशीर होत होता. निरोप घेऊन मी पुढं निघालो. वळणावर मागं पाहिलं तर गाडी चढ चढत होती. चाचा बैलांच्या बाजूनं पायी चालत होते, रामा वरून टोपली धरून वाकून त्यांना काहीतरी सांगत होता, आणि चाचा मान हलवून "न्हाय, न्हाय" म्हणत होते.